मासेमारी आणि कुटुंब या दोन्हींसाठी मध्यम आकाराची वॉकअराउंड बोट : एक परीक्षण

वॉकअराउंड बोट पाहायला आलेली मंडळी बहुधा आधी केबिनचे दार उघडून आत डोकावतात, गादीवर बसून पाहतात आणि आत किती जण झोपू शकतील, हे विचारतात. माझ्या मते हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. या प्रकारच्या बोटीची पारख केबिनच्या दोन्ही अंगांनी नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे, जाणाऱ्या वाटांवर करावी लागते. बोट बांधणाऱ्याने त्या वाटेला किती जागा दिली आहे, यावरून त्याने मासेमारी करणाऱ्याचा विचार आधी केला की झोपणाऱ्याचा, हे लगेच कळते. २१ ते २६ फूट लांबीच्या, आउटबोर्ड, म्हणजे पिछाडीला बाहेर बसवलेल्या, इंजिनाच्या बोटींचे हे परीक्षण मी त्याच क्रमाने करणार आहे : आधी वाट, मग बाकीचे सर्व.

या बोटीची रचना थोडक्यात अशी असते. पुढच्या भागात एक बुटकी केबिन, तिच्या मागे काच किंवा छप्पर असलेली सुकाणूची जागा आणि त्यामागे मासेमारीसाठी कॉकपिट, म्हणजे डेकचा उघडा भाग. केबिनच्या दोन्ही बाजूंना डेक खोलगट केलेला असतो, त्यामुळे कठड्याच्या आत राहून नाळेपर्यंत चालत जाता येते. सुकाणूची जागा मधोमध असलेल्या, बिनकेबिनच्या सेंटर कन्सोल बोटीत चारही बाजूंनी गळ टाकता येतो, पण पावसाची सर आली किंवा लहान मूल पेंगू लागले, तर आसरा मिळत नाही. एक्स्प्रेस प्रकारात केबिन ऐसपैस असते, पण पुढे जायचे तर काचेतून वर चढावे लागते किंवा काठाला धरून सरकावे लागते. दोन बाजूंना दोन कन्सोल आणि मधून पुढे जायची वाट असलेली ड्युअल कन्सोल बोट दिवसभराच्या कौटुंबिक सहलीला फार सोयीची असते, आणि गेल्या काही वर्षांत अनेक उत्पादकांनी लहान वॉकअराउंड कमी करून याच प्रकाराकडे मोर्चा वळवला आहे. असे असले तरी ज्या कुटुंबातला एक जण पहाटेच्या अंधारात बाहेर पडून मासेमारीत खरोखर रमतो, आणि बाकीच्यांना त्याच्याबरोबर जायचे असते पण उन्हातान्हात बसून राहायचे नसते, अशा कुटुंबासाठी वॉकअराउंडला चांगला पर्याय मला अजून दिसलेला नाही.

आता त्या वाटेकडे वळू. या आकाराच्या पुष्कळ बोटींची रुंदी साडेआठ फुटांवर, म्हणजे सुमारे २.५९ मीटरवर, थांबलेली असते. अमेरिकेतील रस्त्यांवर विशेष परवान्याशिवाय ट्रेलरवरून ओढून नेण्याची साधारण मर्यादा तेवढीच आहे, हे त्याचे कारण. साडेआठ फूट म्हणजे १०२ इंच. दोन्ही काठांची जाडी प्रत्येकी ६-७ इंच धरली आणि प्रत्येक वाटेला ११ इंच दिले, तर केबिनच्या वरच्या भागाला सहासष्ट-अडुसष्ट इंच उरतात. केबिन जरा मोठी दिसावी म्हणून वाट ७ इंचांवर आणली, तर केबिनला ८ इंच जास्तीचे मिळतात आणि विक्रीच्या दालनात तो फरक डोळ्यांत भरतो. पण समुद्रात त्या ७ इंचांत पाऊल सरळ ठेवता येत नाही, ते तिरके टाकावे लागते, आणि तिरक्या पावलाने डोलत्या बोटीवर तोल धरणे कठीण असते. म्हणूनच वाटेच्या तळाची रुंदी मोजपट्टीने मोजावी, आणि ती सर्वांत अरुंद जिथे असेल तिथे, म्हणजे बहुधा सुकाणूच्या काचेच्या बाजूला मोजावी.

रुंदीइतकेच महत्त्व वाटेच्या खोलीला आहे. वाट कठड्यापासून जेवढी खाली असेल, तेवढा शरीराला बाजूने आधार मिळतो. काही बोटींत कॉकपिटमधून निघालेली वाट सुरुवातीला चांगली खोल असते, पण दोन-तीन पायऱ्या चढून नाळेजवळ पोहोचेपर्यंत कठडा घोट्याच्या पातळीला येतो आणि उरते ती फक्त पोलादी नळीची रेलिंग. ती रेलिंग उंच आणि भक्कम असेल, तर हरकत नाही. ती मांडीच्या मध्यापर्यंत तरी यावी आणि जोराने हलवल्यावर तिच्या बुडाशी डेकमध्ये हालचाल जाणवू नये. छपराच्या कडेला हाताने धरायची दांडी वाटेच्या पूर्ण लांबीभर आहे का, हेही पाहावे. ती मध्येच तुटली असेल, तर नेमके त्याच जागी, एका हातात गळाची काठी आणि दुसरा हात मोकळा अशा स्थितीत, धरायला काहीच नसते.

ही चाचणी कोरड्या जागेवरही करता येते. समुद्रावर वापरायचे बूट घालावेत, हातात पूर्ण लांबीची काठी घ्यावी आणि मासा लागला आहे असे समजून कॉकपिटच्या डाव्या कोपऱ्यातून निघून नाळेवरून वळसा घालून उजव्या कोपऱ्यात यावे. मोठा मासा बोटीखालून निघाला की खरोखर असेच चालावे लागते : दोर ताणलेला, काठी वाकलेली, नजर पाण्यावर आणि पायांखाली काय आहे ते न पाहता. वाटेत छपराचे खांब, काठी खोचायच्या नळ्या, अँटेना, नांगराच्या दोराचे झाकण यांपैकी कशालाही काठी किंवा पाय अडकला, तर तो प्रत्येक अडथळा लिहून ठेवावा. त्यानंतर घरातल्या सर्वांत लहान चालत्या मुलाला लाइफ जॅकेट घालून आणि मागून हात धरून तीच फेरी मारायला लावावी. मूल रेलिंगच्या दोन नळ्यांमधून सहज बाहेर जाऊ शकत असेल, तर मधली एक आडवी दोरी किंवा जाळी बसवावी लागेल, हे तेव्हाच लक्षात येते.

रुंदीच्या या गणितात एक वेगळा पर्याय ग्रेडी-व्हाइट या नॉर्थ कॅरोलायनातील उत्पादकाच्या दोन बोटी शेजारी ठेवल्या की स्पष्ट दिसते. त्यांची सीफेअरर २२८ साडेआठ फूट रुंद आहे आणि गल्फस्ट्रीम २३२ सव्वानऊ फूट. लांबीत फारसा फरक नसताना हे वाढीव ९ इंच कॉकपिटमध्ये, वाटेत आणि केबिनमध्ये वाटले जातात, आणि दुसऱ्या बोटीवर पाऊल ठेवताच ती एक श्रेणी मोठी असल्यासारखी वाटते. पण सव्वानऊ फूट रुंदीची बोट ट्रेलरवरून नेणे म्हणजे परवाने, रुंद भाराचे नियम आणि जास्त ताकदीचे वाहन. जिला वर्षभर धक्क्यावर किंवा उचलयंत्रावर जागा आहे, त्या बोटीसाठी ही रुंदी जरूर घ्यावी. जी दर खेपेला घरून ओढत न्यायची, तिच्यासाठी साडेआठ फुटांतच समाधान मानलेले बरे, कारण रस्त्यावरची कटकट वाढली की बोट पाण्यात उतरण्याचे प्रमाण हमखास घटते.

केबिनविषयी लिहिताना मला एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते : या आकारात केबिन ही राहण्याची जागा नसून आडोशाची जागा आहे, आणि त्या कामासाठी ती अनमोल आहे. कपडे बदलणे, थंडीने कुडकुडणाऱ्या मुलाला पांघरूण देणे, सामान कोरडे ठेवणे आणि मुख्य म्हणजे शौचाची सोय. कुटुंब दुसऱ्यांदा बोटीवर यायला तयार होते की नाही, हे किती तरी वेळा या शेवटच्या सोयीवर ठरते, आणि तरीही विक्रेत्यांच्या बोलण्यात तिचा उल्लेख ओझरता येतो. लहान बोटींत गादीखाली सरकवलेले सुटे शौचपात्र असते. ते स्वस्त आणि दुरुस्तीला सोपे असते, पण वापरण्यासाठी आधी गादी उचलून बाजूला करावी लागत असेल, तर त्याचा उपयोग अर्धा संपतो. साठवण टाकी आणि पंप असलेले बसवलेले शौचपात्र जास्त सोयीचे ठरते. मात्र टाकीच्या नळ्या दर्जेदार नसतील, तर वास केबिनमध्ये मुरतो, म्हणून जुनी बोट पाहताना केबिन आधीपासून उघडी ठेवू नये असे मालकाला सांगावे आणि दार आपण स्वतः उघडावे.

गादीवर बसून पाहणे पुरेसे नाही, आडवे व्हावे. नाळेकडे निमुळत्या होत गेलेल्या गादीची लांबी मधल्या रेषेवर मोजलेली असते, आणि दोन प्रौढ माणसे झोपली की दोघांचे पाय एकाच अरुंद टोकाशी भिडतात. गादीचा बाहेरचा भाग पुष्कळदा वाटेच्या तळाखाली शिरलेला असतो, त्यामुळे कुशीवर वळताना खांदा वरच्या फायबरला लागतो. बसल्यावर डोके छताला टेकत असेल, तर खळबळत्या पाण्यात केबिनमध्ये बसणे अशक्यच समजावे. वरची झडप उघडून हवा खेळते का, ती झडप मोठ्या माणसाला बाहेर पडण्याइतकी मोठी आहे का, आणि केबिनच्या आतल्या भिंतीवर बुरशीचे काळे ठिपके आहेत का, हेही पाहावे. प्रवासात मळमळू लागलेल्या माणसाला मात्र केबिनमध्ये पाठवू नये. नाळेकडचा भाग सर्वांत जास्त वर-खाली होतो आणि आत क्षितिज दिसत नाही, त्यामुळे त्रास वाढतोच. त्याची जागा कॉकपिटमध्ये मागच्या बाजूला, मोकळ्या हवेत.

छप्पर आणि त्याला बटणांनी जोडायचे पारदर्शक पडदे ही कुटुंबाच्या सोयीतली दुसरी मोठी गोष्ट. ऊन, वारा आणि उडणारे पाणी यांच्यापासून सुकाणूची जागा झाकली गेली, तर वर्षातले बाहेर पडण्याजोगे दिवस वाढतात. पण इथे एक गंभीर धोका आहे. पुढचे आणि बाजूचे पडदे लावून मागची बाजू उघडी ठेवली, की चालत्या बोटीच्या मागे हवेचा दाब कमी होऊन इंजिनाचा धूर आत ओढला जातो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वासही नाही, आणि मुलांवर त्याचा परिणाम लवकर होतो. पुढची एखादी खिडकी उघडी ठेवून हवा समोरून मागे वाहती ठेवणे आणि केबिनमध्ये या वायूची सूचना देणारे यंत्र बसवणे, या दोन गोष्टींत तडजोड नको.

बोटीच्या तळाचा विचार करताना खरेदीदार बहुधा एकच आकडा विचारतात, तो म्हणजे डेडराइज : पिछाडीशी तळ आडव्या रेषेपासून किती अंशांनी वर चढतो. २० ते २१ अंशांचा खोल व्ही आकाराचा तळ लाट कापत जातो आणि आपटत नाही. रेमंड हंट यांनी रेखाटलेल्या अशा तळाची ३१ फुटी 'मॉपी' ही बोट घेऊन रिचर्ड बर्ट्रम यांनी १९६० साली मायामी ते नासाऊ ही शर्यत खवळलेल्या समुद्रात जिंकली, आणि तेव्हापासून खोल व्ही तळाची ख्याती सर्वदूर झाली. पण मासेमारीत बोट बराच वेळ थांबलेली किंवा वाहत असते, आणि थांबलेल्या अवस्थेत हाच खोल तळ चपट्या तळापेक्षा जास्त डोलतो. म्हणजे जाताना ज्या तळाने कुटुंबाला आराम दिला, तोच तळ मासे पकडायला थांबल्यावर त्यांना हैराण करतो. ग्रेडी-व्हाइटचा 'सीव्ही२' तळ हंट यांच्याच नावाने चालणाऱ्या रचनाकार संस्थेचा आहे. त्यात तळाचा कोन पिछाडीपासून पुढे सतत वाढत जातो, त्यामुळे लाट जिथे आदळते त्या मधल्या भागात तळ धारदार राहतो आणि मागे तो तुलनेने पसरट ठेवता येतो. ही तडजोड मला पटते. कोनाचा नुसता आकडा पाहून बोट निवडणाऱ्याने तळाच्या कडांची रुंद पट्टी, बोटीचे वजन आणि वजनाची मांडणी याही गोष्टी पाहाव्यात, कारण हलकी बोट २१ अंशांच्या तळावरही उसळतेच.

केबिनमुळे या बोटींना एक खास खोड लागते, आणि ती फारशी कोणी सांगत नाही. पुढे केबिन आणि वर छप्पर असल्याने वारा धरणारा बराच पृष्ठभाग पाण्यावर असतो, तर मागे इंजिनाचे वजन आणि पाण्यात बुडालेला खालचा भाग पिछाडीला अडवून धरतो. त्यामुळे इंजिन बंद करून वाहू लागले की वारा नाळेला ढकलतो आणि बोट लाटांना आडवी होते. आडव्या बोटीचे डोलणे सर्वांत त्रासदायक. पॅराशूटच्या आकाराचा समुद्री नांगर नाळेवरून सोडला, तर बोट वाऱ्याकडे तोंड करून सावकाश वाहते, दोर नीट खाली उतरतात आणि घरच्यांचे चेहरे टवटवीत राहतात. तो सोडण्यासाठी आणि परत ओढण्यासाठी पुन्हा नाळेवर जावेच लागते. बोट एका अंगाला झुकून चालणे हीही याच उंच बांधणीची दुसरी बाजू असून त्यासाठी पिछाडीचे ट्रिम टॅब, म्हणजे तळाच्या कडेला वर-खाली होणाऱ्या पट्ट्या, आवश्यकच आहेत. ते नसलेली वॉकअराउंड घेऊ नये.

कॉकपिट या आकारात तोकडाच असतो. केबिनने पुढची जागा घेतलेली असते, म्हणून जे काही उरते ते दोन जणांना एकाच वेळी मासा झुंजवायला पुरते का, एवढेच पाहायचे. काठ प्रौढ माणसाच्या मांडीला टेकावा, त्यावर मऊ पट्टी असावी आणि खाली पायाचा चवडा शिरेल एवढी खाच असावी. वाकून मासा उचलताना सगळा भार त्या खाचेवर पेलला जातो. मासे ठेवायच्या कप्प्याचे पाणी थेट बाहेर जाते की बोटीच्या पोटात, हे विचारावे, कारण पोटात गेलेल्या पाण्याचा वास महिनोन्महिने जात नाही. जिवंत आमिषाची टाकी, समुद्राच्या पाण्याने डेक धुण्याचा पंप, पिछाडीचे छोटे दार या गोष्टी असल्या तर उत्तमच. माझ्या पसंतीची खरी सोय म्हणजे पिछाडीला घडी होऊन बसणारे बाक : मासेमारीच्या वेळी ते आत मुडपून ठेवता येते आणि परतीच्या वाटेवर उघडले की तिघांची बसायची सोय होते. कायमस्वरूपी बाक बसवलेल्या बोटीत मासेमार पिछाडीपासून दूर ढकलला जातो, आणि इंजिनाभोवती फिरणाऱ्या माशाचा दोर सोडवणे अवघड होऊन बसते.

इंजिनाबाबत थोडक्यात सांगतो. डेकखाली इंजिन असलेली स्टर्नड्राइव्ह रचना या आकारात मला नको वाटते, कारण इंजिनाची पेटी कॉकपिटचा मधला भाग खाते आणि खाऱ्या पाण्यात देखभालीचा भार वाढतो. २२-२४ फुटी बोटीला २०० ते ३०० अश्वशक्तीचे एक आउटबोर्ड पुरते. जुळी इंजिने घेतल्याने धीर येतो हे खरे. पण पिछाडीचे वजन, इंधन आणि देखभाल हे तिन्ही वाढते, शिवाय दूषित इंधनाने एक इंजिन बंद पडले, तर दुसरेही त्याच टाकीवर चालत असते. एक मोठे इंजिन आणि शेजारी १० अश्वशक्तीच्या आसपासचे छोटे इंजिन, त्याला स्वतंत्र इंधन, ही जोडी मला जास्त शहाणपणाची वाटते : संथ ट्रोलिंगसाठीही, म्हणजे चालत्या बोटीमागे गळ ओढत नेण्यासाठीही, तेच कामी येते आणि अडचणीत किनारा गाठायलाही.

इंधनाचा हिशेब मात्र सावकाश करावा. पूर्ण वेगात चारस्ट्रोक आउटबोर्ड साधारणपणे दर १० अश्वशक्तीमागे ताशी एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास पेट्रोल पिते. २५० अश्वशक्तीसाठी ते ताशी ९५ लिटरच्या घरात जाते. मध्यम वेगात ते निम्म्याहून खाली येते, आणि बोट लिटरमागे पाऊण ते एक किलोमीटर देते असे धरून चालता येते. ४०० लिटरची टाकी असेल, तर एक तृतीयांश जाण्यासाठी, एक तृतीयांश येण्यासाठी आणि उरलेला तृतीयांश राखीव, हा जुना नियम लावून वापरायचे इंधन सुमारे २६५ लिटर राहते. म्हणजे जाऊन-येऊन साधारण २०० किलोमीटर, आणि त्यातही ट्रोलिंगचे तास आणि समोरचा वारा वजा करायचे. हे ४०० लिटर पेट्रोल सुमारे ३०० किलो वजनाचे असते, म्हणून चाचणी अर्ध्या टाकीवर झाली असेल, तर तेव्हा दिसलेला वेग पूर्ण टाकी, बर्फ, सामान आणि पाच माणसे यांच्यासह दिसेल, अशी अपेक्षा ठेवू नये.

सुरक्षिततेच्या बाबतीत युरोपीय प्रमाणपत्राची पाटी वाचायला शिकावे. बी वर्ग म्हणजे वाऱ्याचा जोर ब्यूफोर्ट मापनात ८ पर्यंत आणि लाटांची उंची ४ मीटरपर्यंत. सी वर्ग म्हणजे जोर ६ पर्यंत आणि लाटा २ मीटरपर्यंत. एकाच बोटीला पुष्कळदा दोन्ही वर्ग दिलेले असतात, आणि बी वर्गात माणसांची संख्या कमी लिहिलेली असते. 'आठ जण बसतात' असे विक्रेता म्हणतो, तेव्हा तो बहुधा मोठा आकडा सांगत असतो. पाण्याने भरली तरी न बुडणारी बोट हवी असेल, तर बोस्टन व्हेलरची कॉन्क्वेस्ट मालिका विचारात घ्यावी. फायबरच्या दोन कवचांमध्ये घट्ट होणारा फेस (फोम) भरून एकजीव केलेली रचना हे त्या उत्पादकाचे पहिल्यापासूनचे वैशिष्ट्य असून, १९६१ साली करवतीने मधोमध कापलेल्या त्यांच्या बोटीचे दोन्ही भाग तरंगत असल्याची छायाचित्रे 'लाइफ' नियतकालिकात झळकली होती. चालक पडला तर इंजिन बंद करणारी दोरी, म्हणजेच किल स्विच, सर्वांनी वापरावी. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांहून लहान बोटीत अशी सोय बसवलेली असल्यास आणि सुकाणू बंद केबिनमध्ये नसल्यास, बोट वेगात असताना ती वापरणे कायद्याने बंधनकारक झाले आहे.

वापरलेली बोट घेणाऱ्यांची संख्या मोठी असल्याने दोन जागा विशेष काळजीने तपासाव्यात, असे मी सुचवेन. पहिली जागा पिछाडीची भिंत. जुन्या बोटींत तिच्या आत प्लायवूड असते, आणि इंजिनाचे बोल्ट किंवा नंतर कोणी तरी मारलेले स्क्रू यांतून पाणी शिरले की ते लाकूड आतल्या आत कुजते. इंजिन वर उचललेल्या स्थितीत त्याचा खालचा भाग दोन्ही हातांनी धरून वर-खाली दाबावा, आणि त्याच वेळी दुसऱ्याने भिंतीच्या वरच्या कडेकडे पाहावे. भिंत किंचितही लवली किंवा बोल्टभोवती केसासारख्या चिरा फाकल्या, तर पुढचे बोलणे थांबवावे. छोट्या हातोडीच्या प्लास्टिकच्या दांड्याने ठोकत जावे : घट्ट जागी टणक आवाज येतो, आणि भिजलेल्या जागी तो एकदम बसका होतो. दुसरी जागा डेकखालची ॲल्युमिनियमची इंधन टाकी. ती पुष्कळदा फेसात गाडलेली असते, फेसाने धरून ठेवलेले खारे पाणी तिला बाहेरून खात राहते, आणि ती बदलायची तर डेक कापावा लागतो. म्हणून तपासणीची झडप उघडून टाकीचा दिसेल तेवढा भाग पाहावा, आणि पेट्रोलचा वास आला तर त्यावर कोणतेही स्पष्टीकरण ऐकून घेऊ नये. इंजिन किती तास चालले, हे मालकाने सांगितलेल्या आकड्यावर न सोडता संगणकावर वाचून घ्यावे.

निवड करायचीच झाली, तर माझे मत असे. बोट ओढून न्यायची आहे आणि मासेमारी हाच मुख्य हेतू आहे, त्यांनी सीफेअरर २२८च्या आकाराची, खोल वाटांची बोट घ्यावी आणि केबिन लहान आहे याची खंत करू नये. ज्यांना बोट पाण्यातच ठेवायची आहे आणि किनाऱ्यापासून लांब जायचे आहे, त्यांना गल्फस्ट्रीम २३२ची रुंदी दरवेळी समाधान देईल. कुटुंबाचे पारडे जड असेल, पोहणे, उन्हात पहुडणे आणि एखादी रात्र काढणे हाच बेत असेल आणि गळ अधूनमधूनच निघणार असेल, तर फ्रान्सच्या जानोची काप कामारा डब्ल्यूए मालिका जास्त शोभेल. त्यात केबिनच्या छतावर पहुडण्याची जागा आणि कॉकपिटमध्ये बाके आहेत, पण गंभीर मासेमाराला तो कॉकपिट लवकरच गादीबैठकांनी भरलेला वाटेल. आणि ज्यांच्या घरचे बोटीवर कधीच फार वेळ थांबत नाहीत, त्यांनी सरळ सेंटर कन्सोल घ्यावी. न वापरलेल्या केबिनचे वजन आणि वारा उगाच वाहू नये.

व्यवहार पक्का करण्याआधीची समुद्रावरची चाचणी सकाळच्या निवांत पाण्यात घेण्याचा आग्रह विक्रेते धरतात. ती दुपारी, वारा सुटल्यावर घ्यावी आणि घरातल्या सर्वांना बरोबर न्यावे. लाटांना समोरून, तिरके आणि मागून घेऊन पाहिले की इंजिन बंद करावे आणि किमान अर्धा तास बोट तशीच आडवी वाहू द्यावी. त्या अर्ध्या तासात एकेकाने केबिनमध्ये जाऊन यावे, शौचपात्राचे झाकण उघडून बसायला जागा पुरते का ते पाहावे आणि मग बाजूच्या वाटेने नाळेपर्यंत जाऊन दुसऱ्या बाजूने परत यावे. जो सदस्य ती फेरी पूर्ण न करता अर्ध्यावरून मागे फिरेल, त्याने कोणत्या जागी आणि कशाला घाबरून पाय मागे घेतला, हे त्याच्याकडून तिथेच समजून घ्यावे, आणि ती जागा दांडी किंवा घसरणरोधक पट्टी लावून सुधारता येणारी आहे का, हे पाहूनच किमतीच्या बोलण्याला बसावे.